तळे बांधणारे आणि तळे राखणारे

आपल्या गावच्या श्रीमहादेव मंदिराचा जीर्णोद्धार श्रींच्या कृपेने आणि ग्रामस्थ व देणगीदार यांच्या उदार साह्याने पूर्णत्वास गेला, ही आपणां सर्वांच्या दृष्टीने परम समाधानाची गोष्ट होय. सभामंडप नवा झाला, शिखराला रंग चढला, कललेली दीपमाळ सरळ उभी राहिली. या कामांची माहिती याच स्मरणिकेत अन्यत्र आलेली आहे. प्रस्तुत लेखाचा विषय त्या मानाने लहान आहे. मंदिराच्या बागेत जे दगडी कुंड आहे, ज्याच्या कठड्यावर ओणवी होऊन आपली मुले मासे मोजत असतात, त्या कुंडाविषयी चार शब्द लिहावयाचे योजिले आहे.

कुंडाविषयी लिहिण्याचा मला अधिकार आहे असे नाही. उलट एक जुना अपराध कबूल करण्यासाठीच मी लेखणी हाती घेतली आहे. काही वर्षांपूर्वीची गोष्ट. महाशिवरात्र दोन दिवसांवर आली होती. कुंडातील पाणी हिरवे झाले होते, तळाशी गाळ साचला होता. तरुण मंडळींनी मला विचारले, "गुरुजी, काय करू या?" मी मोठ्या अधिकाराने सांगितले, "सगळे उपसा, दगड घासा, चुना फिरवा आणि स्वच्छ पाण्याने भरून टाका." पोरांनी दिवसभर राबून कुंड आरशासारखे लख्ख केले. मासे पिंपात काढून ठेवले होते, ते संध्याकाळी टँकरच्या ताज्या पाण्यात सोडले. महाशिवरात्रीला दिवसभर अभिषेकाचे दूध गोमुखातून कुंडात उतरत राहिले. दुसऱ्या दिवशी पहाटे काकड्याला आलेल्या बायामाणसांनी पाहिले तो, कुंडातील झाडून सारे मासे पोट वर करून तरंगत होते. गुरवाच्या घरच्या आजी मला एवढेच म्हणाल्या, "गुरुजी, पाणी घासायचं नसतं, पाणी राखायचं असतं."

तो शब्द माझ्या मनाला लागून राहिला. आजींचे सासरे आणि आजेसासरे तेच कुंड राखत असत, आणि त्यांच्या हातून असे कधी झाले नव्हते. मग आम्हां शिकल्यासवरल्यांच्या हातून का झाले? या प्रश्नाचा माग काढीत मी जुन्या पुण्याच्या पाण्याच्या इतिहासाकडे वळलो. त्यातून जे हाती लागले, ते आपणांसमोर ठेवतो.

पर्वतीच्या पायथ्याचे तळे

२०२१ साली पुणे महानगरपालिकेच्या हद्दीत तेवीस गावे आली, त्यांत आपलेही गाव आले. तेव्हा पुण्याचा इतिहास हा आता आपलाही इतिहास म्हणावयास हरकत नाही. त्या इतिहासात बागेतल्या तळ्याचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण म्हणजे सारसबाग.

नानासाहेब पेशव्यांनी १७४९ साली पर्वतीवर श्रीदेवदेवेश्वराचे मंदिर उभारले. त्या सुमारास टेकडीच्या पायथ्याशी एक विस्तीर्ण तळे करण्याचे काम निघाले. पूर्वी गावातून वाहणारा आंबील ओढा अडवून पश्चिमेकडे वळविण्यात आला आणि पाणी साठविण्यात आले. काम संथ चालले आहे असे पाहून खुद्द नानासाहेब अंबारीतून उतरले व दगड उचलू लागले, अशी आख्यायिका सांगतात. तळ्याच्या मध्यभागी सुमारे पंचवीस हजार चौरस फुटांचे एक बेट मुद्दाम राखले होते. त्या बेटावर जी बाग झाली, तिलाच सारसबाग हे नाव पडले. काठावर हिराबाग होती. तिचे नाव आजही टिळक रस्त्यावरच्या चौकाला आहे.

पुढे १७८४ साली सवाई माधवराव पेशव्यांच्या हस्ते त्या बेटावर श्रीसिद्धिविनायकाची स्थापना झाली. त्या समयी सवाई माधवराव अवघे दहा वर्षांचे होते. तेव्हापासून पुणेकर या गणपतीला 'तळ्यातला गणपती' म्हणू लागले. आज सारसबागेत जाणाऱ्या लहान मुलाला हे नाव ऐकून नवल वाटते, कारण तळे कोठेच दिसत नाही. एके काळी होडीतून दर्शनास जावे लागे, तेथे आता माणसे हिरवळीवरून चालत जातात. पेशवाई १८१८ साली संपली. तळ्याचा राजाश्रय गेला. पुढे कालांतराने तळ्यातील पाणी काढून टाकण्यात आले व त्या जागेवर उद्याने आणि मैदान झाले. पेशवे पार्क १९५३ साली झाले. तेथील प्राणिसंग्रहालय पुढे कात्रजला हलले.

परंतु एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. एवढे मोठे तळे गेले, पण देवळाभोवतीचे थोडे पाणी राहिले. त्या पाण्यात कमळे आहेत, मासे आहेत, आणि दर्शन घेऊन परतणारी माणसे तेथे क्षणभर थांबतातच. मोठे तळे गेले आणि लहान पाणी राहिले याचे कारण मला असे दिसते, की लहान पाण्याला रोज हात लावणारा कोणी तरी आहे. मोठे तळे बांधणारा पेशवा होता. त्याला राखणारा मात्र पुढे कोणी उरला नाही.

कात्रजचा नळ आणि पुण्याचे हौद

नानासाहेबांच्याच काळचे दुसरे काम म्हणजे कात्रजचा तलाव आणि तेथून पुण्यात आणलेला पाण्याचा नळ. नळ म्हणजे आजच्यासारखा लोखंडी पाइप नव्हे, तर जमिनीखालून दगडचुन्यात बांधलेले भुयार होय. सुमारे आठ किलोमीटर अंतर कापून हे पाणी केवळ उताराच्या बळावर शनिवारवाड्यापर्यंत येत असे. वाड्यातील सोळा पाकळ्यांच्या हजारी कारंज्याची ख्याती आपण ऐकून आहोतच. वाटेत गावकऱ्यांसाठी हौद होते. काळा हौद, बदामी हौद, नाना हौद, फडके हौद, साततोटी हौद ही नावे पुणेकरांच्या तोंडी अद्यापही आहेत, जरी पुष्कळ ठिकाणी हौद नाहीसा होऊन नुसता चौक राहिला आहे.

या नळाच्या बांधणीत आपल्या विषयाच्या दृष्टीने एक मर्म आहे. भुयारावर ठरावीक अंतराने उच्छ्वास बांधलेले आहेत. दुरून ते लहानशा बुरुजासारखे दिसतात. त्यांतून नळात हवा खेळत असे, आणि आत माणूस उतरवून गाळ काढता येत असे. म्हणजेच ज्याने नळ बांधला, त्याला बांधतानाच ठाऊक होते की यात गाळ साचणार आहे आणि तो काढावा लागणार आहे. गाळ हा बांधणाऱ्याचा दोष नव्हे, तो पाण्याचा स्वभाव आहे. शहाणा कारागीर तो स्वभाव धरूनच बांधकाम करतो.

बांधणीप्रमाणेच पैशाचीही तजवीज त्या काळी होत असे. देवस्थानाला इनाम जमीन लावून दिली जाई, ती केवळ पूजेअर्चेसाठी नसे. दिवाबत्ती, झाडलोट, देवाच्या बागेची निगा या गोष्टी तिच्या उत्पन्नातून चालत. खेड्यात गुरव हा बलुतेदार होता. मंदिराची झाडलोट, बेलफूल आणि पाणी ही त्याच्याकडची कामे. त्याबद्दल खळ्यावर त्याच्या वाट्याचे धान्य त्याला मिळे. आजींचे आजेसासरे कुंड राखीत ते हौस म्हणून नव्हे, तो त्यांचा नेमून दिलेला व्यवसाय होता. कोणत्या महिन्यात किती पाणी उपसावयाचे, मासे कोठे ठेवावयाचे, हे ज्ञान बापाकडून मुलाकडे येई. पुढे बलुतेदारी संपली. ती संपली हे अनेक दृष्टींनी योग्यच झाले, कारण त्या पद्धतीत माणूस जन्माने कामाला बांधला जाई. परंतु त्या व्यवस्थेबरोबर कुंड राखण्याची जबाबदारीही निराधार झाली, आणि तिच्या जागी आपण दुसरी व्यवस्था केली नाही.

येथे आणखी एका गोष्टीचे स्मरण करणे अवश्य आहे. जुन्या काळी ही पाण्याची ठिकाणे सर्वांसाठी खुली नव्हती. महात्मा जोतीराव फुले यांनी १८६८ साली पुण्यातील आपल्या घरचा हौद अस्पृश्य मानलेल्या बांधवांसाठी खुला केला, ही घटना पुण्याच्या पाण्याच्या इतिहासात सोन्याच्या अक्षरांनी लिहावी अशी आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२७ साली महाडच्या चवदार तळ्यावर तोच हक्क बजावला. तेव्हा आपले कुंड राखावयाचे, तर ते एका घराने किंवा एका आळीने नव्हे, साऱ्या गावाने राखावयास हवे. ज्याचा पाण्यावर हक्क आहे, त्याचा गाळ काढण्यातही वाटा आहे.

देवाचे मासे

पाणी सर्व गावाने मिळून राखल्याची उदाहरणे आपल्या महाराष्ट्रात आहेत. महाडजवळ वाळण येथे काळ नदीच्या पात्रात एक कोंड, म्हणजे खोल डोह आहे. काठी वरदायिनी देवीचे ठाणे आहे. त्या कोंडातील महसीर जातीचे मोठमोठे मासे कोणी मारीत नाही. पालघर जिल्ह्यात वाडे तालुक्यातील तिळसे येथे वैतरणा नदीवर तिळसेश्वराच्या मंदिरापाशीही असेच मासे राखलेले आहेत. आपल्या जवळचे म्हणावे तर देहूला इंद्रायणीच्या डोहातील मासे देवाचे मानले जात असत. तेथे कायद्याचा शिपाई उभा नव्हता. गावाने एक नियम घातला आणि तो पिढ्यान्‌पिढ्या पाळला, एवढेच.

मात्र मासा न मारणे म्हणजे मासा राखणे नव्हे. इंद्रायणीच्या पाण्याची आजची अवस्था आपण पाहतोच. मासा हातांनी मारला नाही, पण पाणी बिघडवले, तर परिणाम एकच होतो. मी महाशिवरात्रीला जे केले ते यापेक्षा वेगळे नव्हते.

तळे म्हटले की डासांची आणि हिवतापाची भीती, असा एक समज पूर्वीपासून आहे. मागील पिढ्यांना हिवताप दूषित हवेने होतो असे वाटे. १८९७ साली रोनाल्ड रॉस यांनी सिकंदराबाद येथे हिवतापाचे जंतू डासाच्या पोटात शोधून काढले, आणि खरा अपराधी सापडला. डास साठलेल्या पाण्यात अंडी घालतो, हे खरे. परंतु ज्या पाण्यात मासे आहेत आणि कडेचे गवत काढलेले आहे, तेथे डासाच्या अळ्या माशांच्या पोटात जातात. याच कारणाने विसाव्या शतकाच्या आरंभी गप्पी मासे आणि १९२८ साली गॅम्बुशिया जातीचे मासे परदेशातून भारतात आणले गेले. तेव्हा नीट राखलेल्या कुंडापेक्षा गच्चीवरची उघडी टाकी आणि अंगणातला पडका टायर गावाला अधिक घातक आहे. जीर्णोद्धाराच्या चर्चेत कुंड बुजवून तेथे फरशी करावी, म्हणजे वाहने लावता येतील, अशीही एक सूचना आली होती. डासांचे कारण त्यात पुढे केले गेले होते. समितीने कुंड राखण्याचे ठरविले, हे उचित झाले.

ओकायामाचा धडा

तळे शतकानुशतके राखता येते काय, असा प्रश्न कोणी विचारील. त्याचे उत्तर पुण्यातच सिंहगड रस्त्यावर आहे. तेथे २००६ साली सुरू झालेले पु. ल. देशपांडे उद्यान, ज्याला पुणे-ओकायामा मैत्री उद्यान असेही म्हणतात, आपणांपैकी अनेकांनी पाहिले असेल. कालव्याचे पाणी त्यातून खेळविले आहे. पुलावर उभे राहिले की तांबडे, पांढरे, सोनेरी मासे पायांखालून जातात. हे उद्यान जपानमधील ओकायामा शहरातील कोराकुएन उद्यानाच्या धर्तीवर केलेले आहे. मूळ उद्यान इकेदा त्सुनामासा नावाच्या सरदाराने १६८७ साली आरंभिले आणि १७०० साली पुरे केले. म्हणजे आपल्या पर्वतीच्या तळ्यापेक्षा ते सुमारे पन्नास वर्षांनी जुने.

या कोराकुएनवर १९३४ साली महापुराचे आणि १९४५ साली बॉम्बवर्षावाचे संकट आले. उद्यानाची मोठी नासधूस झाली. तरीही ते पूर्ववत उभे राहिले, कारण जुन्या काळची चित्रे आणि आराखडे जपून ठेवलेले होते. कोठे काय होते हे कागदावर असल्यामुळे नव्या पिढीला ते पुन्हा करता आले. आपल्याकडे पेशवे दफ्तरात कोट्यवधी कागद आहेत, पण गावच्या कुंडाच्या निगेविषयी एक ओळही गावात लिहिलेली नाही. आजी गेल्या, आणि त्यांच्याबरोबर अर्धे ज्ञान गेले.

तेथील रंगीत माशांचीही कथा बोधप्रद आहे. हे मासे राजवाड्यात जन्मले नाहीत. जपानच्या नीगाता प्रांतातील डोंगराळ भागात भातशेती करणारे गरीब शेतकरी खाण्यासाठी साधे कार्प मासे पाळीत. त्यांत एखादा मासा रंगीत निपजे. तो त्यांनी निवडून वेगळा वाढविला. १९१४ साली टोकियोच्या प्रदर्शनात ते मासे मांडले गेले, आणि मग जगाला त्यांचे वेड लागले. नित्य निगा राखणाऱ्या शेतकऱ्याच्या हातून ते घडले.

कुंडातील पाण्याचे गणित

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. त्या पहाटे मासे का मेले? पुढे जाणकारांना विचारून आणि वाचून जे समजले, ते सोप्या शब्दांत सांगतो.

मासा पाण्यातच श्वास घेतो आणि पाण्यातच मलमूत्र टाकतो. त्यातून अमोनिया नावाचे विष तयार होते. दगडांवर जी बुळबुळीत शेवाळी साय असते, तिच्यात डोळ्यांना न दिसणारे उपकारक जंतू राहतात. ते अमोनियाचे प्रथम नायट्राइट आणि नंतर नायट्रेट करतात. नायट्राइटही माशाला घातक असते, नायट्रेट मात्र बरेच निरुपद्रवी असून कमळासारख्या वनस्पती ते खत म्हणून शोषून घेतात. असे हे चक्र चालते. आम्ही दगड घासले आणि चुना फिरवला, तेव्हा ते सारे जंतू मारले. ते पुन्हा वाढावयास चार ते सहा आठवडे लागतात. त्यावर टँकरच्या पाण्यात क्लोरीन असण्याचा संभव होता, आणि ताज्या चुन्याने पाण्याचा गुणच पालटला होता. शेवटी दूध. दूध कुजताना पाण्यातील प्राणवायू खाते, आणि दुधा-तुपाचा तवंग वरून हवा आत जाऊ देत नाही. इतकी संकटे एकदम आल्यावर मासे वाचणार कसे?

प्राणवायूचा हिशेबही समजून घेण्यासारखा आहे. पाणी जितके ऊन, तितका त्यात प्राणवायू कमी राहतो. पंधरा अंश तापमानाच्या एका लिटर पाण्यात सुमारे दहा मिलिग्रॅम प्राणवायू मावतो. तेच पाणी तीस अंशांचे झाले की साडेसात मिलिग्रॅमच मावतो. शिवाय शेवाळ आणि वनस्पती दिवसा प्राणवायू देतात, पण रात्री स्वतःच घेतात. म्हणून उन्हाळ्यात पहाटेची वेळ माशांना सर्वांत कठीण. पहाटे मासे पृष्ठभागावर येऊन तोंडे उघडमीट करताना दिसले, तर ते खेळत नसून गुदमरत आहेत असे समजावे आणि लगेच पाणी उंचावरून धारेने पाडावे किंवा कारंजे चालू करावे.

कुंडाच्या पाखाळणीचे नियम

आपल्या कुंडाची लांबी बारा फूट, रुंदी बारा फूट आणि पाण्याची खोली तीन फूट आहे. म्हणजे चारशे बत्तीस घनफूट पाणी. एका घनफुटात सुमारे अठ्ठावीस लिटर धरले, तर कुंडात बारा हजार लिटर पाणी असते. हा आकडा ध्यानात ठेवून पुढील नियम पाळावेत, अशी नम्र सूचना आहे.

१. कुंड एकदम रिकामे कधीही करू नये. एका वेळी चौथा हिस्सा, म्हणजे तीन हजार लिटर पाणी बदलावे. काढलेले पाणी गटारात न सोडता बागेला द्यावे. माशांच्या पाण्यासारखे खत दुसरे नाही.

२. नळाचे किंवा टँकरचे पाणी थेट सोडू नये. एक दिवस उघड्या टाकीत ठेवावे, म्हणजे त्यातील क्लोरीन उडून जाईल. घाई असेल तर मत्स्यालयाच्या दुकानात क्लोरीन घालविण्याचे औषध मिळते, ते बाटलीवरील प्रमाणात वापरावे.

३. गाळ वर्षातून एकदा, पावसाळ्यापूर्वी वैशाखात काढावा. मासे कुंडातल्याच पाण्याने भरलेल्या पिंपात, सावलीत ठेवावेत. एका वर्षी दोनच बाजूंचे दगड घासावेत, उरलेल्या दोन बाजू पुढील वर्षासाठी सोडाव्यात. साबण, चुना, ब्लीचिंग पावडर यांचा स्पर्शही होऊ देऊ नये. निघालेला गाळ फुलझाडांना घालावा. धरणांचा गाळ शेतात नेण्याची सरकारी योजना २०१७ पासून आपण ऐकत आहोत, तोच न्याय येथे लावावा.

४. पाने, बेल, फुले रोज सकाळी जाळीने काढावीत. निर्माल्यासाठी वेगळा खड्डा केलेला आहे, त्यातच ते टाकावे. जीर्णोद्धारात गोमुखाचे पाणी कुंडातून वळवून केळीच्या आळ्यात सोडलेले आहे. ती वाट कोणी पुन्हा फिरवू नये.

५. माशांना चुरमुरे, पाव, प्रसादाचे पेढे घालू नयेत. श्रद्धा आपल्या जागी योग्य आहे, परंतु न खाल्लेला घास तळाशी कुजतो. पाच मिनिटांत संपेल एवढेच खाद्य दिवसातून एकदा द्यावे. थंडीत त्याहून कमी.

६. कमळाच्या पानांनी निम्म्यापेक्षा अधिक पाणी झाकू देऊ नये. जलपर्णी दिसली की मुळासकट काढावी. ती परदेशातून आलेली वनस्पती एकदा पसरली की आवरत नाही, हे पुण्याची नदी आणि तलाव पाहणाऱ्यास सांगावयास नको.

७. घरच्या काचपेटीतील नकोसे झालेले मासे पुण्यकर्म समजून कुंडात सोडू नयेत. कुंडातील मासे नदीत तर मुळीच सोडू नयेत. चिलापी हा आफ्रिकेचा मासा १९५२ साली भारतात आणला गेला. आज उजनी धरणात त्याची केवढी पैदास झाली आहे, हे भिगवणच्या बाजारात जाऊन पाहावे. उपऱ्या माशाने स्थानिक माशांची जागा घेतली की ती परत मिळत नाही.

देणगीदार बंधु-भगिनींस विनंती

सभामंडपाच्या फरशीवर, दरवाजाच्या चौकटीवर, घंटेवर देणगीदारांची नावे कोरलेली आहेत. ती योग्यच आहेत. परंतु गाळ काढणाऱ्याचे नाव कोणत्याही दगडावर कोरलेले मी आजवर पाहिले नाही. बांधण्यासाठी देणगी मिळते, राखण्यासाठी मिळत नाही, ही आपल्या काळाची रीत झाली आहे. आपल्या पूर्वजांची रीत याहून निराळी होती. त्यांनी देऊळ बांधताना दिव्याच्या तेलाची तजवीज केली, आणि नळ बांधताना गाळ काढणाऱ्याच्या उतरण्याची वाट ठेवली.

म्हणून दोन गोष्टी सुचवाव्याशा वाटतात. पहिली अशी की, मंदिराच्या वार्षिक जमाखर्चात कुंडाच्या निगेची एक वेगळी रक्कम धरावी आणि तिला हात लावू नये. दुसरी अशी की, देवळात एक साधी वही ठेवावी. कोणत्या दिवशी किती पाणी बदलले, गाळ कधी काढला, कोणत्या आळीच्या मंडळींनी काढला, मासे किती आहेत, हे तीत लिहावे. प्रत्येक आळीने वर्षातून दोन महिने वाटून घ्यावेत. आज वही क्षुल्लक वाटेल. पन्नास वर्षांनी आपल्या नातवंडांना ती घंटेपेक्षा मोलाची वाटेल.

२५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबील ओढ्याला महापूर आला, कात्रजपासून दांडेकर पुलापर्यंत हाहाकार उडाला आणि कित्येकांचे प्राण गेले. पेशव्यांनी वळविलेला आणि आपण विसरलेला तो ओढा त्या रात्री साऱ्या पुण्याला आठवला. पाण्याला आपण विसरू शकतो, पाणी मात्र आपली वाट विसरत नाही. मोठ्या ओढ्यातळ्यांचा कारभार आपल्या हाती नाही. बारा फुटांचे कुंड मात्र आपल्या हाती आहे.

"तळे राखील तो पाणी चाखील" अशी आपल्याकडे म्हण आहे. ज्याच्या हाती कारभार, तो त्यातला लाभ घेणारच, असा तिचा व्यवहारातला अर्थ. मला तिचा साधा अर्थच अधिक भावतो. जो राखील, त्यालाच पाणी मिळेल. न राखणाऱ्याच्या वाट्याला चौकाचे नाव तेवढे उरेल.

यंदाच्या महाशिवरात्रीला मी पहाटे कुंडावर गेलो होतो. नवे मासे आता चांगले वाढले आहेत. पाणी लख्ख नव्हते, किंचित हिरवट होते, आणि तसेच ते असावयास हवे. एक लहान मुलगी कठड्यावर ओणवी होऊन मोजत होती. सतरा झाले, अठरा झाले, आणि एक हलला म्हणून तिने पुन्हा एकपासून आरंभ केला. तिची मोजणी अशीच चालू राहो, एवढीच श्रींच्या चरणी प्रार्थना करून हा लेख पुरा करतो.